हायवेच्या पाटीला माझं रेडियम नाही

बेळगावातल्या शहापुरात माझं रेडियमचं दुकान आहे. नंबर प्लेट, टेम्पोच्या काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद', बुलेटच्या टाकीवर महाराज, शिवजयंतीच्या चित्ररथांना मंडळांची नावं. गाडी ज्याची, हौस त्याची. (बुलेटच्या सायलेन्सरचं काय करायचं ते शेजाऱ्यांना विचारा.)

मध्यंतरी गल्लीतला एक पोरगा 'बेळगाव' अशी हातभर अक्षरं कापून मागत होता. कशाला, तर हायवेच्या पाटीवरच्या 'बेळगावी'वर चिकटवायला. मी नाही म्हटलं.

"मामा, तुम्ही पण घाबरलात की ओ!"

घाबरायला कारण आहेच. इथे पाटीला हात लावला की प्रकरण कुठवर जाईल सांगता येत नाही. 2014 च्या जुलैत बेळगावजवळच्या येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' फलक प्रशासनाने काढला तेव्हा गावात लाठ्या चालल्या. पण तो फलक गावाने आपल्या गावात उभा केलेला. वाटसरूची वाट त्यावर अडलेली नव्हती.

माझी अडचण धंद्यातली आहे. हायवेची पाटी नुसती रंगवलेली नसते. तिच्यावर रिफ्लेक्टिव्ह शीट असते, आत बारीक काचेचे मणी नाहीतर प्रिझम. हेडलाइटचा उजेड आला तसा उलट गाडीकडे फिरतो, म्हणून अंधारात अक्षरं उठून दिसतात. तिच्यावर आमचं साधं व्हिनाइल बसलं की तेवढा तुकडा रात्री काळा ठिक्कर. ओरबाडून काढावं तर गोंद राहतो, गोंदाला थिनर लावावं तर शीटच खराब होते. भर पावसात चोर्ला घाटाकडे वळायचं की वेंगुर्ला रोड धरायचा, हे त्या पाटीवर बघणारा ड्रायव्हर कुठला कोण असतो! त्याचं आपलं काय भांडण? शेवटी पोराला घराच्या गेटवर बसतील एवढी अक्षरं कापून दिली.

त्याचं दुखणं मात्र खोटं नाही. कर्नाटकाच्या भाषा कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीपासून दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं आणि माझंच मराठी नाव खाली सरकलं. त्या दिवसांत पाट्या बदलायची कामं मलाच भरपूर मिळाली, हेही सांगून टाकतो. मराठी पाटीला रात्रीत काळं फासलेलं मी पाहिलंय. सकाळी शटर उघडायला आलेला दुकानदार आधी पाटीकडे बघतो, मग रस्त्यात कोण बघतंय का ते बघतो. तेच काळं आपण दुसऱ्याच्या अक्षरांना लावायचं, हे मला पटत नाही.

आणि कर्नाटकात कायदा तर 1981 पासून आहे. सार्वजनिक जागा विद्रूप केली की सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्या कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर धोक्याची कवटी आहे, तिच्या बरोबर तोंडावर मूळव्याधीच्या इलाजाचं स्टिकर. त्यावर ना मोर्चा, ना केस. लावणाऱ्याचा मोबाइल नंबर तर त्यावरच ठळक छापलाय.