जीपीए 2.73 होता, तरी कॉलेज मिळालं

कॅलिफोर्नियात आलो तेव्हा मी नववीत होते, वर्ष अर्धं झालेलं, शाळा नवीन, आणि अल्जेब्रा वनमध्ये डी आला. नववीचा जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी (ए म्हणजे 4 पॉइंट, डी म्हणजे 1), 2.1, दहावीचा 2.6, अकरावीत कुठे 3.5 झाला. तिन्हीची सरासरी 2.73. अकरावीत एवढं राबूनही तो आकडा फारसा हलेना, रात्री पोर्टल उघडून तेच बघत बसायचे आणि रडू यायचं.

बारावी सुरू होताना काउन्सेलरने विचारलं, तू नेमका कुठला जीपीए बघतेयस? तेव्हा कळलं की यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), या राज्याच्या दोन्ही सरकारी विद्यापीठांकडे जीपीए काढताना नववीचे ग्रेड धरतच नाहीत, दहावी-अकरावीचेच धरतात आणि तेही फक्त ए टू जी विषयांचे, म्हणजे ॲडमिशनसाठी ही विद्यापीठं सक्तीचे धरतात त्या विषयांचे. घरी येऊन ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनने हिशोब मांडला. वर्षाला पाच विषय, दोन सेमिस्टर, म्हणजे दोन वर्षांचे 20 ग्रेड. दहावीचे 26 पॉइंट, अकरावीचे 35, एकूण 61, भागिले 20 म्हणजे 3.05. अकरावीत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं बायोलॉजी घेतलं होतं, त्याच्या दोन सेमिस्टरचे दोन पॉइंट जास्तीचे, म्हणजे 3.15. इथल्या रहिवाशांना यूसीसाठी किमान 3.0 लागतो, कॅल स्टेटसाठी 2.5. आईला कागद दाखवला तर तिने सगळी बेरीज स्वतः परत करून बघितली, मग कागद घडी घालून देवापाशी ठेवला.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नववीचे ग्रेड जीपीएत धरत नसले तरी ए टू जीच्या विषयात सी किंवा त्याच्या वर लागतोच. माझा अल्जेब्राचा डी पुढे अल्जेब्रा टूमध्ये बी आल्यामुळे भरून निघाला, नाहीतर तो विषय परत करावा लागला असता.

आणि किमान जीपीए आहे म्हणजे ॲडमिशन मिळालीच असं नाही. यूसीला आठातल्या चार प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्द. माझा पहिला ड्राफ्ट म्हणजे नुसती माफी होती, शाळा बदलली, भाषा जमेना, वगैरे. इंग्लिशच्या टीचरनी वाचून विचारलं, यात अकरावीतली तू कुठेयस? मग ते सगळं काढून टाकलं आणि रोज शाळा सुटल्यावर मॅथच्या वर्गात थांबून चुकलेली गणितं वेगळ्या वहीत परत सोडवायचे त्यावर लिहिलं, कारण ग्रेड खरंच त्या वहीमुळे वर गेले होते. जुन्या ग्रेडबद्दल जास्तीच्या माहितीच्या बॉक्समध्ये फक्त पाच ओळी टाकल्या, काय झालं, कधी झालं, त्यानंतर काय बदललं. नोव्हेंबरअखेरच्या डेडलाइनच्या चार दिवस आधी दोन्ही फॉर्म गेले. कॅल स्टेटच्या फॉर्मला निबंध लागला नाही.

आधी दोन कॅल स्टेटचे होकार आले. मार्चमध्ये यूसीचे तीन नकार आले, दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही, आणि मग यूसीच्याच मर्सेड कॅम्पसचा होकार आला.

हा होकारही अटीवरचा असतो, बारावीचे ग्रेड घसरले तर काढून घेऊ शकतात, म्हणून शेवटच्या सेमिस्टरलाही वही चालूच ठेवली. फायनल ट्रान्सक्रिप्ट 1 जुलैच्या आत पोचावं लागतं. माझं जूनमध्येच गेलं, बारावीचा जीपीए 3.8.