नाताळ आवरल्यानंतरचा हिवाळा

स्वीडनमध्ये नाताळ १३ जानेवारीला संपतो. संत क्नूटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दिवशी झाड घराबाहेर काढतात. त्याआधी मुलांना बोलावून त्यावर टांगलेल्या गोळ्या-चॉकलेटे लुटू देतात आणि झाडाभोवती शेवटचा फेर धरतात. गवताचे बोकड, काचेचे गोळे, खिडक्यांतल्या कागदी चांदण्या हे सारे त्यानंतर खोक्यांत जाते आणि घर एकदम ओकेबोके दिसू लागते. मी मूळची पुण्याची, उप्साला शहरात घरसजावटीचे काम करते, आणि जानेवारीतले हे दिवस माझ्या सर्वाधिक गडबडीचे असतात, कारण सण आवरल्यावर उरलेल्या लांबलचक हिवाळ्यासाठी घर कसे लावावे, हा प्रश्न इथे अनेकांना खरोखरच पडतो.

या प्रश्नाचे ठरलेले उत्तर सगळ्या दुकानांच्या काचांमागे मांडलेले असते. लाल आणि हिरवे काढा, पांढरे, राखाडी आणि चंदेरी आणा. खुर्च्यांवर मेंढीचे पांढरे कातडे टाका, फुलदाणीत निष्पर्ण फांद्या ठेवा, मेणबत्त्या लावा. छायाचित्रात हे अतिशय सुंदर दिसते, आणि तरुण जोडप्यांच्या घरांत मीही ते आनंदाने करते. लूथागेन भागातल्या एका घरी मात्र हेच उत्तर किती अपुरे, किंबहुना घातक ठरू शकते, हे मला एका दुपारी स्पष्ट दिसले.

मला बोलावले होते ते तिथल्या आजींच्या मुलीने. आजींचे वय ऐंशीच्या पुढे, पती गेलेले, राहणे एकटीचे; आयुष्यभर त्यांनी हातमागावर विणकाम केलेले आणि इतरांना शिकवलेले. फोनवर मुलीच्या आवाजात काळजी आणि त्रागा सारखाच जाणवत होता. “आईला नाताळ संपवायचाच नसतो,” ती म्हणाली. “मागच्या वर्षी मी सगळे जबरदस्तीने आवरले, तर ती दोन महिने खोलीतून बाहेरच येईना. यंदा पुन्हा तोच हट्ट सुरू झाला आहे. तिच्या मनाचे काहीतरी बिघडले आहे असे मला वाटते. तुम्ही हिवाळ्याची छान सजावट करून द्या, म्हणजे तिचे लक्ष नाताळवरून उडेल.” भेटीसाठी तिने क्नूटचाच दिवस ठरवला. त्या वर्षी आपल्याकडे तो दिवस भोगीचा होता, म्हणून सकाळी बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी करून, तिळाच्या चार वड्या डब्यात घेऊन मी निघाले.

उप्साला जवळजवळ साठाव्या अक्षांशावर वसले आहे. जानेवारीच्या मध्याला इथे सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो, दुपारी सव्वातीनच्या सुमारास मावळतो आणि भर मध्यान्हीही क्षितिजापासून नऊ अंशांच्या वर चढत नाही. पुण्यात त्याच वेळी तो पन्नास अंशांवर असतो. इथल्या घरात दिवा कुठे ठेवायचा, पडदा कोणता लावायचा, आरसा कोणत्या भिंतीवर टांगायचा, हे सगळे या एका गोष्टीवरून ठरते आणि ठरवायला हवे.

आम्ही काम सुरू केले तेव्हा अकरा वाजले होते आणि बैठकीच्या खोलीत ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत पोहोचले होते. आजी हसतमुख होत्या. हट्टी बाई म्हणून ज्यांचे वर्णन ऐकले होते, त्याच काचेचे गोळे पातळ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवत होत्या. झाडाबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. सुया गळून जमिनीभर झाल्या आहेत, ते आठवड्यापूर्वीच जायला हवे होते, असे त्या स्वतःच म्हणाल्या. गवताचे बोकड, लाल फिती, सुकून गेलेली जलकुंभीसारख्या तुऱ्यांची हायसिंथची फुले, सगळे विनातक्रार गेले. मुलगी माझ्याकडे आश्चर्याने पाहत राहिली.

त्या अडल्या ते खिडकीपाशी. इथल्या बहुतेक घरांत नाताळपूर्वीच्या चार रविवारांपासून खिडकीच्या फळीवर सात विजेच्या मेणबत्त्यांची त्रिकोणी लाकडी कमान ठेवतात. १९३० च्या दशकात गोथेनबर्गमध्ये जन्मलेली ही वस्तू आज स्वीडनमध्ये घरोघरी दिसते. आजींच्या घरात रस्त्याकडच्या तिन्ही खिडक्यांत अशी एकेक कमान होती आणि स्वयंपाकघरात कागदी चांदणी होती. मुलीने पहिल्या कमानीची तार उपसण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा आजींनी तिचे मनगट धरले आणि शांतपणे म्हणाल्या, “हे राहू दे.” “आई, आज क्नूट आहे. सगळ्या इमारतीत फक्त तुझ्याच खिडकीत नाताळ दिसेल.” “दिसू दे.” मुलीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की तिला म्हणायचे होते, पाहिलेत ना, हेच ते.

मी विषय तिथेच थांबवला आणि दुपारचे जेवण होऊ दिले. तोवर कपाटातले कापड पाहावे, म्हणून आजींनी स्वतः विणलेल्या वस्तूंची पेटी उघडली. त्यात गडद लाल लोकरीची दोन पांघरुणे होती, पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचे टेबलावरचे लांब कापड होते, आणि सर्वांत खाली रॉलाकान पद्धतीने, म्हणजे दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतातल्या जुन्या पद्धतीने, विणलेला एक भिंतीवरचा पट होता. त्याचा निळा रंग पाहून मी थक्क झाले. आजींनी मात्र तो हातात घेतला, खिडकीकडे धरला आणि म्हणाल्या, “हा आता टाकाऊ झाला. निळा पार उडून राखाडी झाला आहे.” मी पट उजेडात नीट पाहिला. निळा कुठेही उडालेला नव्हता. जिने आयुष्यभर सूत स्वतः रंगवले, तिची रंगाची पारख सहज चुकणार नाही, एवढे मला कळत होते, म्हणून ते वाक्य मी मनात ठेवले.

तीन वाजता उजेड झपाट्याने उतरू लागला. मुलीने आईशी न बोलता जेवणाच्या खोलीतली कमान बंद केली आणि ती गुंडाळू लागली. आजी स्वयंपाकघरातून कॉफीची किटली घेऊन येत होत्या. त्या दारात थांबल्या. नंतर त्यांनी मोकळा हात चौकटीवर ठेवला, पायाने उंबऱ्यापुढची चिंध्यांची सतरंजी चाचपली, आणि पुढचे पाऊल टाकण्याऐवजी किटली शेजारच्या फळीवर ठेवून दिली. हे सारे इतक्या सहज झाले की पाहणाऱ्याला त्या काही विसरून थबकल्या आहेत असेच वाटले असते. मुलीला तसेच वाटले. मी कमान परत जागेवर ठेवून चालू केली. आजींनी किटली उचलली आणि सरळ चालत टेबलापाशी आल्या.

मग मी त्यांना विचारले, “वरचा दिवा का लावत नाही?” छताला मोठा, उघड्या काचेचा दिवा होता. “तो डोळ्यांत घुसतो,” त्या म्हणाल्या. “त्याच्याभोवती नुसते पांढरे वलय दिसते आणि खाली काहीच दिसत नाही. हे खिडकीतले छोटे दिवे बरे. एक दिसला की तिथवर जायचे, मग पुढचा दिसतो.”

मुलगी खुर्चीवर बसली. आजींना सणाचा सोस नव्हताच. त्या घरात वावरण्याचा मार्ग राखू पाहत होत्या, आणि दरवर्षी १३ जानेवारीला घरच्यांकडून तो मार्ग विझवला जात होता. जुन्या पद्धतीच्या कमानीतला एकेक दिवा ३ वॅटचा, सात मिळून २१ वॅट. त्यातला एक सैल झाला की बाकीचेही जातात. एवढ्याशा आधारावर त्या रोजची संध्याकाळ काढत होत्या, आणि ती दुपारी तीनला सुरू होत होती. मागच्या वर्षी त्या दोन महिने खोलीबाहेर का आल्या नाहीत, हे वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होते आणि आतले भिंग पिवळे व धुरकट होत जाते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. ऐंशीनंतर तो आणखी कमी होतो. पिवळ्या भिंगातून निळा रंग मळकट दिसतो, राखाडीत मिसळतो. लाल, केशरी, पिवळे त्या मानाने टिकतात. आमच्या व्यवसायातली पांढऱ्यावर पांढरे, राखाडीवर चंदेरी ही हिवाळी सजावट अशा डोळ्यांसमोर मांडली, तर खुर्चीची कड, पायरीची धार, टेबलाचा कोपरा हे सगळेच नाहीसे होते. मुलीने गाडीतून पांढरी कातडी, फिकट राखाडी गालिचा आणि जमिनीपर्यंत लोळणारे जाड मखमली पडदे आणले होते. मी ते सारे परत पाठवायला सांगितले. तिने एका शब्दानेही वाद घातला नाही.

त्या दुपारी आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत आम्ही घर असे लावले. प्रत्येक खिडकीत कमानीच्या जागी कापडी टोपीचा बुटका दिवा आला; टोपी एवढी खोल की बसलेल्याला किंवा उभ्या असलेल्याला आतला बल्ब दिसू नये. उजेड उबदार, २७०० केल्व्हिनचा, आणि दिवे टायमरवर, म्हणजे दुपारी अडीचला आपोआप लागतील, बाहेर उजेड असतानाच. अंधार झाल्यावर दिवा लावायला उठावे लागते आणि पडण्याचा धोका नेमका तेव्हाच असतो. कागदी चांदणी काढली, पण तिची तार आणि होल्डर तिथेच ठेवून त्यावर साधी गोल पांढरी कागदी हंडी चढवली. छताच्या दिव्याला सुलट्या वाडग्यासारखे आवरण बसवले, त्यामुळे उजेड आधी पांढऱ्या छतावर जातो आणि तिथून मऊ होऊन खाली येतो. खिडकी नसलेल्या बोळात पावलांची चाहूल लागताच पेटणारे दिवे भिंतीच्या तळाशी लावले.

पडदे पातळ सुती-तागाचे, खिडकीच्या फळीपर्यंतच. इथे गरम पाण्याचे रेडिएटर खिडकीखाली असतात; लांब पडदा ती ऊब काचेकडे कोंडून ठेवतो आणि खोली थंड राहते. आरसा टांगण्याची मुलीची कल्पना चांगली होती, पण तिला तो दक्षिणेच्या खिडकीसमोर हवा होता. इथले खालून येणारे ऊन त्या आरशावर आदळून सरळ आजींच्या डोळ्यांत गेले असते, म्हणून आम्ही तो बाजूच्या भिंतीवर लावला. कडा वळलेल्या सतरंज्या गुंडाळून ठेवल्या, एकच ठेवली, तीही खाली न सरकणारी जाळी घालून.

आणि लाल रंग परत आला. गडद लाल पांघरुणे फिकट सोफ्याच्या पुढच्या कडेवर अशी घातली की बैठक कुठे सुरू होते ते दारातून कळावे. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचे कापड टेबलावर पसरले. “हे तर नाताळचे रंग,” मुलगी म्हणाली. आजींनीच उत्तर दिले की लोकर त्यांनी मार्च महिन्यात रंगवली होती, नाताळशी तिचा काही संबंध नाही. माझेही मत तेच आहे. सणाच्या खुणा वेगळ्या आणि ऋतूच्या गरजा वेगळ्या. दोन्ही एकाच खोक्यात भरल्यामुळे जानेवारीतली घरे इतकी उदास होतात. आपल्याकडे दिवाळी संपली तरी आकाशकंदील अनेक घरांत त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लागतो, आणि त्यावरून कुणी कुणाला हटकत नाही.

मेणबत्त्यांवर थोडी घासाघीस झाली. स्वीडनमध्ये हिवाळा म्हणजे जिवंत ज्योत, आणि ती आजींकडून काढून घेणे मला योग्य वाटत नव्हते. शेवटी काचेच्या जड कंदिलात एकच मेणबत्ती, टेबलाच्या मध्यभागी, आणि घरात दुसरे कुणी असतानाच, असे ठरले. टेबलावर पिवळी ट्यूलिप ठेवली. जानेवारीत इथल्या काचघरांतली ट्यूलिप बाजारात येतात आणि लोक ती भाजीसारखी नियमाने घरी आणतात. आणल्यावर कागदातच गुंडाळून तासभर पाण्यात उभी केली की दांडे सरळ राहतात. पाणी थोडेच घालायचे. कापल्यानंतरही ही फुले वाढत राहतात आणि उजेडाकडे वळतात. आजी ती रोज फिरवून ठेवतात, हे मुलीने मला नंतर सांगितले.

पहिल्या दिवशी निघताना मी तिळाची वडी दोघींना दिली आणि मुलीला दारापाशी बाजूला घेऊन निळ्या पटाबद्दल सांगितले. मी डॉक्टर नाही. पण दिव्याभोवतीचे वलय, झगमगाटाचा त्रास आणि निळ्याचा राखाडी होणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मोतीबिंदूची शंका घेतलीच पाहिजे, आणि आधी नेत्रतज्ज्ञाकडे जा, मनाच्या डॉक्टरचा विचार नंतर करा, असे मी तिला स्पष्टपणे म्हटले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आईने कधी सांगितले का नाही?” आजींनी आतून ऐकले असावे. “तुम्ही विचारत होतात नाताळबद्दल,” त्या म्हणाल्या.

तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया वसंतात झाली, डाव्याची अजून व्हायची आहे. धुरकट भिंग गेल्यावर प्रकाश एकदम वाढल्यासारखा वाटतो आणि निळा रंग पुष्कळांना जणू नव्याने दिसतो, त्यामुळे घरातल्या दिव्यांची सारी मांडणी पुन्हा तपासावी लागणार आहे. काही दिवे मंद करावे लागतील, छताचा कदाचित बदलावा लागेल. आजींनी माझ्यासाठी यादी काढून ठेवली आहे. तिच्यात पहिले काम लिहिले आहे ते पेटीतला पट बाहेर काढून जेवणाच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीवर, समोरच्या खिडकीतला उजेड पडेल अशा उंचीवर टांगण्याचे.