मोशीचं किसान प्रदर्शन: रोटाव्हेटर बघायला गेलतो, जाणाऱ्यांनी एवढं करा

डिसेंबरात पुण्याजवळच्या मोशीला भरणाऱ्या किसान या शेतीच्या प्रदर्शनाला जाऊन आलो, मी, चुलतभाऊ आणि शेजारचे तात्या. ओतूरकडून जायचं म्हणजे वाटेत चाकणचा चौक, तिथं एकदा अडकलं की सकाळ गेलीच, म्हणून पहाटे पाचलाच गाडी काढली, नारायणगावला चहा घेतला आणि गेट उघडायच्या आत मैदानावर. तुम्हीपण लवकरच जा, शनिवार-रविवार तर टाळाच, दुपारच्या गर्दीत स्टॉलवाल्याला दोन शब्द धड विचारता येत नाहीत. तिकीट आदल्या दिवशी मोबाईलवर काढलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट मारून ठेवा कारण आत रेंज नीट मिळत नाही.

काम एकच, रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागं लावून फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करायचं यंत्र, आम्ही रोटरच म्हणतो. कांद्याला रान भुसभुशीत लागतं आणि लागणीच्या दिवसात भाड्याचा रोटर सगळ्यांनाच एकदम पाहिजे असतो, आपला नंबर येईपर्यंत वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, निघून जातो.

तात्यांनी घरून निघतानाच माझ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचं माप घेतलं होतं, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साडेपाच फूट. स्टॉलवरचा पोरगा म्हणाला सहा फुटी घ्या, चाकाची खूण राहणार नाही. तात्या म्हणाले, "बाळा, इंजिन 39 एचपीचं आहे, पीटीओला तेवढे येतात का?" पीटीओला, म्हणजे यंत्र फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याला, इंजिनपेक्षा पाच-सहा एचपी कमीच मिळतात, आणि आमच्या काळ्या रानात सहा फुटी लावला तर ट्रॅक्टर दम सोडणार, डिझेल जाळणार ते वेगळंच. मग त्या पोरानंच पाच फुटीला साइड शिफ्ट करून दाखवलं, पुढच्या पट्टीवरचे बोल्ट ढिले करून फ्रेम एका बाजूला सरकवली की रोटर एका चाकाच्या बाहेर जातो, दुसऱ्या चाकाची खूण पुढच्या फेरीत पुसली जाते. हे मला एवढी वर्षं ट्रॅक्टर चालवून माहीत नव्हतं. म्हणून सांगतो, टेप आणि ट्रॅक्टरचं आरसी बुक सोबत न्या, नुसत्या अंदाजावर काही ठरवू नका.

यंत्र रंगावर बघू नका. तात्या खाली वाकून ब्लेड जिथं बसतात त्या गोल चकतीच्या, फ्लँजच्या, वेल्डिंगवरून बोट फिरवत होते, जिथं भर कमी लागली तिथं बोटाला खाच लागते. ऑइल सील कुठल्या मापाचं, बेअरिंग आपल्या बाजारात मिळतं का, पाती तालुक्याच्या गावाला मिळतात का, हे तिथंच विचारा. सीझनमध्ये एका सीलसाठी यंत्र चार दिवस उभं राहिलं तर सगळं मुसळ केरात.

आता अनुदानाचं, हे नीट वाचा. मागं एकदा प्रदर्शनातल्या ऑफरला भुलून मी तण काढायचा पॉवर वीडर लगेच घेतला, विक्रेता म्हणाला अनुदान नंतर बसवून देऊ, आणि ते बसलंच नाही, कारण महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या अर्जाच्या वेबसाइटवर, पूर्वसंमती (खरेदीची आधीची मंजुरी) यायच्या आधीचं बिल चालत नाही. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीला 50 टक्के, बाकीच्यांना 40 टक्के, त्याला वरची मर्यादा असते. आधी शेतकरी ओळख क्रमांक काढा, अर्ज करा, यंत्राचा टेस्ट रिपोर्ट आहे का ते स्टॉलवरच बघून घ्या. बुकिंगचे पैसे अजिबात देऊ नका. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून या यंत्रांवर जीएसटी 12 चा 5 टक्के झालाय, तेव्हा कोटेशनमध्ये किती धरलाय ते वाचा, आम्हाला एकानं जुनाच लावून दिला होता, दाखवल्यावर बदलला.

जेवण घरून न्या, आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेलती, सावलीत बसून खाल्ली. बूट घाला, धूळ फार आहे आणि चालून पाय मोडतात. आळंदी जवळच आहे, येताना माउलींचं दर्शन घेऊन आलो.

तीन कोटेशनं आणलीत, अर्ज भरलाय. पूर्वसंमती आली की पाच फुटीच घेणार, आणायला तात्यांनाच घेऊन जाणार.