तुम्ही विचारलंत म्हणून: घटस्फोटानंतरची पोटगी एकदाच घेऊन मोकळ्या का नाही झालात?

हा प्रश्न मला सोसायटीतल्या वहिनींनी विचारला, सख्ख्या मावशीने विचारला, आणि ज्यांचं प्रकरण नुकतंच कोर्टात उभं राहिलंय अशा बायका तर फोनवर आधी हेच विचारतात. "ताई, एकरकमी घेऊन सुटायचं ना. जन्मभर त्या माणसाकडून महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यायचे, कमीपणा नाही का वाटत?"

नाही वाटत. का, ते एकदा नीट सांगते.

१९९१ साली डी.एड. होऊन मी सिन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. १९९३ मध्ये लग्न झालं. तीन वर्षांनी यजमानांची बदली वडोदऱ्याला झाली, तेव्हा मुलगा नऊ महिन्यांचा होता. तिकडून त्यांचं अंतर्देशीय पत्र आलं. खानावळीचं जेवण सोसत नाही, तू राजीनामा देऊन ये, एका पगारात आपलं भागेल. मी राजीनामा दिला. कारण म्हणून "कौटुंबिक" एवढाच शब्द लिहिला आणि शिक्का मारलेली प्रत ट्रंकेत तळाशी ठेवून दिली. पत्रही तिच्यातच राहिलं.

मग वडोदरा, हैदराबाद, परत नाशिक. त्यांनी नोकरी सांभाळून एमबीए केलं, पुढे दोन बढत्या मिळाल्या. सासूबाई पक्षाघाताने साडेचार वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचं मी मनापासून केलं आणि त्यांनीही मला माया लावली, त्याचा हिशेब मी कधी मांडला नाही आणि मांडणारही नाही. पण २०१७ मध्ये मुलाच्या वडिलांनी घटस्फोटाचा अर्ज केला आणि २०२१ मध्ये हुकूमनामा झाला, तेव्हा मी ५२ वर्षांची होते. २८ वर्षांचा संसार. हातात शिकवण्यांचे महिन्याला सहा-सात हजार.

कमीपणाचं विचारता ना, तर माझ्याबरोबर त्याच शाळेत लागलेल्या मैत्रिणीचं सांगते. ती आता निवृत्तीला आली आहे. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेली, म्हणून तिला जुनी पेन्शन आहे: शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता, आणि तीही हयात असेपर्यंत. तिला कुणी विचारत नाही की बाई, सरकारकडून जन्मभर दरमहा घ्यायला लाज नाही वाटत का. मीही तशीच पेन्शन कमावली असती. त्या वर्षांत मी दुसऱ्या एका पगाराला हातभार लावला. तो पगार वाढत गेला, त्याचा भविष्य निर्वाह निधी साठत गेला, आणि लग्न मोडलं तेव्हा हे सगळं एकाच्याच नावावर राहिलं. घटस्फोटानंतर मी त्यांची वारस नाही, आणि त्यांच्या पश्चात कुटुंबाला मिळणाऱ्या पेन्शनमध्येही माझं नाव नाही. म्हणून ही रक्कम मला दान वाटत नाही. माझ्या थकलेल्या पगारासारखी वाटते.

आता एकरकमीचं. मध्यस्थीच्या खोलीत १५ लाखांचा प्रस्ताव आला होता. आकडा मोठा वाटतो, माझ्या भावालाही वाटला. मी घरी येऊन वहीत मांडून पाहिलं. बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १,०५,००० व्याज, म्हणजे महिन्याला पावणेनऊ हजार. भाडं गेल्यावर काय उरतं? मुद्दलाला हात लावला तर साठीच्या आत सगळं संपणार. आणि माझ्या आईचं वय तेव्हा ८१ होतं, हेही मी त्याच पानावर लिहिलं.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये दोन्ही वाटा आहेत. न्यायालय एकरकमी देववू शकतं, किंवा दरमहा. आणि दरमहाची मुदत किती, तर अर्जदाराच्या हयातीपलीकडे जाणार नाही अशी. म्हणजे हयातभर मागणं हा माझा हट्ट नव्हता, १९५५ पासून ते कायद्यात लिहिलेलं आहे. वकीलबाईंनी ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा मला रडू आलं होतं.

पण कायद्यात आहे म्हणून ते प्रत्येकीला मिळतंच असं नाही. रजनेश विरुद्ध नेहा हे मूळचं नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं प्रकरण, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दिला. अलीकडे बरीच लग्नं फार काळ टिकत नाहीत, अशा वेळी आयुष्यभराची पोटगी लादणं अन्यायाचं ठरू शकतं, म्हणून लग्न किती वर्षं टिकलं ते पाहावं, असं त्यात म्हटलं आहे. मला ते पटतं. दीड वर्षाच्या लग्नासाठी कुणी कुणाला जन्मभर का द्यावं? पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. शिकलेल्या बाईने मुलांसाठी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी नोकरीच्या संधी सोडल्या असतील, तर त्याला योग्य ते महत्त्व द्यायलाच हवं. माझं सगळं प्रकरण या वाक्यावर उभं राहिलं.

समोरच्या वकिलांनी मला विचारलं, "नोकरी तुम्ही स्वतःच्या मर्जीने सोडलीत ना?" तेव्हा ट्रंकेतलं पत्र आणि राजीनाम्याची प्रत दोन्ही दाखल केली. म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हेच सांगते: नेमणुकीचा आदेश, राजीनामा, बदलीची पत्रं, सासू-सासऱ्यांची दवाखान्याची कागदपत्रं शोधा. उत्पन्न, खर्च, मालमत्ता, कर्ज यांचं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं. त्यात शिकवण्यांचे सहा हजार लपवू नका. थोडंफार कमावते म्हणून बाईचा हक्क जात नाही, पण एक खोटं सापडलं की बाकीच्या खऱ्यावरही विश्वास उरत नाही.

मला दरमहा २२,००० मंजूर झाले, आणि त्यांच्या फ्लॅटवर तेवढ्या रकमेचा बोजा चढला, म्हणजे माझी रक्कम त्या फ्लॅटशी तारणासारखी बांधली गेली. बोज्याची तरतूदही त्याच कलमात आहे, ती मागायला विसरू नका. मी मात्र एक गोष्ट विसरले. दर काही वर्षांनी वाढ मिळावी, हे मागितलंच नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या एका बाईंना दरमहा ५०,००० आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ दिली. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. २०२१ चे २२,००० आज किराणा आणि औषधांच्या दुकानात किती उरतात, ते मला रोज दिसतं.

दरमहाची वाट सोपी नाही, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पैसे थकले की वसुलीची दरखास्त लावावी लागते, मी एकदा लावली आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला पोटात गोळा येतो. परिस्थिती बदलली की दोघांपैकी कुणीही रक्कम बदलून मागू शकतं. पुनर्विवाह केला तर ती बंद होऊ शकते, आणि बाईच्या चारित्र्याची अटही त्या कलमात अजून आहे. ती मला फार खुपते. नवरा परदेशी निघाला असेल, धंद्यातलं उत्पन्न कागदावर दाखवत नसेल, किंवा तुम्हाला त्याचं नावसुद्धा पासबुकात नको असेल, तर एकरकमी घ्या. ज्यांनी तसं केलं त्या माझ्यापेक्षा कमी शहाण्या नाहीत. दरमहाची रक्कम उत्पन्न म्हणून करपात्र धरली जाते, एकरकमीवर तसा कर लागत नाही, तेही मोजा.

गेल्या वर्षी मुलाचे वडील निवृत्त झाले आणि रक्कम निम्मी करावी म्हणून त्यांनी अर्ज केला. त्यांचा पगार थांबला, हे खरंच आहे, आणि मी ते नाकारलेलं नाही. मी लेखी उत्तरात निवृत्तीच्या वेळी मिळालेला निधी आणि ग्रॅच्युइटी यांचा तपशील मागितला, आणि माझाही अर्ज जोडला: दर दोन वर्षांनी पाच टक्के. दोन्ही अर्ज एकत्र चालू आहेत. परवाच्या तारखेला न्यायाधीशांनी मूळ कागद पाहायला मागितले. घडीवर विरत चाललेलं ते निळं अंतर्देशीय मी दोन्ही हातांनी उघडून समोर धरलं. पुढची तारीख सतरा आहे.