किल्ल्यांचं कॅलेंडर, नोंद तिसरी: रेषा, रंग आणि अक्षर वेगळे केले

काल प्रेसमधून जुलैच्या पानाचं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) आणलं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. घरी आल्याआल्या भिंग काढलं आणि कड्याच्या धारेवर ठेवलं. रेषा सलग काळी! कडेला ठिपके नाहीत, गुलाबी-निळी झालर नाही. एवढ्यासाठी दोन वर्षं आणि दोन छपाया गेल्या, म्हणून ही नोंद सविस्तर लिहितोय. स्वतःची चित्रं ऑफसेटवर छापून घ्यायची आहेत त्यांचा एखादा हंगाम तरी वाचेल.

काम तेच आहे: बारा महिने, बारा किल्ले, टाकाने काढलेली रेखाचित्रं आणि त्यावर जलरंगाचा हलका हात. ए-फोर आकार, 170 जीएसएम आर्टपेपर, 500 प्रती, ट्रेकच्या मित्रमंडळींसाठी.

पहिल्या वर्षी अख्खं पान फोटोशॉपमध्येच केलं होतं. चित्र, तारखा, तिथी, किल्ल्याची माहिती, सगळं एका आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांच्या) फाईलमध्ये आणि शेवटी जेपेग. 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) ठेवलं की झालं, असं मला वाटायचं. भिंतीवर लावल्यावर पानं छान दिसली. जवळ जाऊन वाचायला गेलं की मात्र बारीक अक्षरातल्या तिथींची शिरोरेषा भुरकट, ‘ज्येष्ठ’मधल्या ‘ष्ठ’चं पोट शाईने भरलेलं, आणि प्रत्येक अक्षराला एका बाजूने तांबूस कड.

त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. आरजीबीतला काळा फोटोशॉपच्या मूळ सेटिंगने सीएमवायकेत (छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या शायांत) नेला की तो साधारण 75, 68, 67, 90 टक्के असा चार शायांचा काळा होतो. म्हणजे तीळभर जाडीची शिरोरेषा चार प्लेटा (दर शाईची एक) मिळून छापतात. एखादी प्लेट केसभर सरकली की रंगाची कड दिसलीच. त्यात अक्षरांचे पिक्सेल झालेले, त्यामुळे कडेचे करडे पिक्सेल छापताना ठिपक्यांत फुटतात. शिवाय जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून बारीक तपशील टाकून देतो. आकाशाच्या छटेत ते कळतही नाही, पण पांढऱ्यावर काळं अक्षर असलं की भोवती कचरा उठतो. देवनागरीला याचा फटका जास्त बसतो. आडवी रेघ, रफार, अनुस्वार, सगळा बारीक माल.

यावर्षी पानाचे तीन भाग केले आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा फॉरमॅट दिला. एवढा एकच बदल, पण सगळा फरक त्याने पडला.

आधी रेषा. लाइट बॉक्सवर कागद ठेवून शाईचं रेखाटन वेगळ्या कागदावर काढायला लागलो, रंग वेगळ्या. रेखाटन 1200 पीपीआयला (इंचाला 1200 पिक्सेल) ग्रेस्केलमध्ये स्कॅन करायचं, लेव्हल्सने कागदाचा पिवळेपणा घालवायचा, मग मोड बिटमॅप, 50 टक्के थ्रेशोल्ड. आता प्रत्येक पिक्सेल एक तर काळा, नाही तर पांढरा. मधलं करडं काही नाही, म्हणून प्लेटवर ठिपके पडत नाहीत. ही फाईल एक-बिट टिफ म्हणून सेव्ह करायची. ती जड होईल अशी भीती वाटते, ती खोटी आहे. माझं चित्र 10 बाय 7 इंच. 1200 ला ते 12000 बाय 8400 पिक्सेल होतं, म्हणजे दहा कोटींच्या वर, तरी कॉम्प्रेस न करता साडेबारा एमबीच. तेच चित्र 300 ला चार रंगांत ठेवलं तर पंचवीस एमबी. सोळापट पिक्सेल आणि निम्मं वजन! राजगडच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्याभोवतीचं (कड्यातल्या आरपार भोकाभोवतीचं) बारीक हॅचिंग, म्हणजे जवळजवळच्या रेघांची छटा, पहिल्यांदाच टाकाने काढलं तसं कागदावर उतरलंय.

जलरंगाचा थर 300 पीपीआय, सीएमवायके, एलझेडडब्ल्यू (तपशील न गमावता दाबलेली) टिफ. इथे उत्तम दर्जाचा जेपेगही चालतो, छापल्यावर फरक सांगता येणार नाही. पण मी एकेका चित्रावर आठवडाभर हात फिरवतो, आणि जेपेग बदलून दर वेळी नव्याने सेव्ह केला की थोडा थोडा झिजतो. पीएनजीत सीएमवायके नसतंच, म्हणून ते बाद. मुखपृष्ठाचा फोटो मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तो आकसून आला. डॉक्युमेंट म्हणून परत मागवला, मग ठीक.

दोन्ही थर इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) एकावर एक. इथे एकदा अडखळलो. रेषेच्या थराला मल्टिप्लाय (खालचे रंग दिसू देणारा मोड) लावला आणि पीडीएफ/एक्स-1ए (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार) काढली. या प्रकारात जिवंत पारदर्शकता चालत नाही, त्यामुळे बनवतानाच सगळं सपाट झालं आणि माझी एक-बिट रेषा रंगाच्या चित्रात विरघळली. उपाय सोपा निघाला. एक-बिट टिफचा पांढरा भाग इनडिझाइनमध्ये आपोआप पारदर्शक असतो, मल्टिप्लायची गरजच नाही. चित्राला स्वॅचमधला ब्लॅक द्यायचा आणि ॲट्रिब्यूट्समध्ये ओव्हरप्रिंट फिल, म्हणजे खालचा रंग न कापता काळा वरून छापला जातो. पारदर्शकता हवीच असेल तर एक्स-4 आहे, पण प्रेसचा रिप (फाईलचे प्लेटसाठी ठिपके करणारी यंत्रणा) तो घेतो का, हे आधी विचारा.

अक्षरं आता इनडिझाइनमध्येच, नुसत्या काळ्या शाईत. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायला विसरू नका, नाही तर जोडाक्षरं फुटतात. चंद्रकलांची चिन्हं इलस्ट्रेटरच्या एआय फाईलमधून घेतली. ईपीएसची सवय मी सोडली, त्यात पारदर्शकता टिकत नाही.

प्रेसमध्ये मात्र वाद झाला. “कोरलमध्ये द्या, कर्व्ह करून,” हे तिथलं नेहमीचं वाक्य. म्हणजे कोरलड्रॉची फाईल, अक्षरांचे नुसते आकार करून. कर्व्ह केलं की फॉन्टची कटकट मिटते हे खरं, पण प्रूफमध्ये एक काना राहिलेला सापडला तर तो घालायचा कुठे? पीडीएफमध्ये फॉन्ट आतच असतात. मी पीडीएफ दिली, तर ऑपरेटरदादांनी पानं जुळवायला ती कोरलमध्ये उघडली आणि ‘पौर्णिमा’चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. मग शेजारी बसून त्यांना ॲक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू (एकेक शाई वेगळी करून बघायची सोय) दाखवला. सायन, मॅजेंटा, यलो बंद केले: रंग गेले, रेषा आणि अक्षरं जशीच्या तशी. ते पाहून दादा म्हणाले, “हे उघडायलाच नको, सरळ रिपला टाकतो.” फाईल देण्याआधी प्रत्येकाने घरी ही तपासणी करावी. पाच मिनिटांचं काम आहे. 3 मिमी ब्लीडही (कापताना जाणारी पानाबाहेरची कड) तिथेच बघून घ्या.

आता सप्टेंबरचं पान राहिलंय. तोरण्याच्या झुंजार माचीवरचं आभाळ मी अल्ट्रामरीनने रंगवलं होतं, प्रूफवर ते जांभळं आलंय. मोजलं तर सायन 95, मॅजेंटा 84. मॅजेंटा साठच्या आसपास आणून टिफ पुन्हा केलीय, सोमवारी नवं प्रूफ मिळेल.