तुम्ही विचारलंत म्हणून: कराटेच्या क्लासात डोळे मिटून कशाला बसवता?

मुलांना क्लासला सोडायला येणारे पालक हमखास विचारतात, सर, कराटे म्हणजे मारामारी ना, मग सुरुवातीला आणि शेवटी डोळे मिटून काय बसवता, आणि त्याने पोराचं अभ्यासात लक्ष लागेल का?

तर ते मिनिटभर बसणं म्हणजे मोकुसो, जपानी दोजोंमधली, म्हणजे कराटेसारख्या कला शिकवणाऱ्या तालमींमधली पद्धत. तेवढ्याने मन शांत वगैरे होत नाही हो, शाळा-ट्यूशन करून आलेलं डोकं मिनिटात कसलं शांत होतंय! श्वास कुठे अडकलाय ते कळलं तरी मला पुरे. खरी गंमत पंच मारताना आहे.

नवीन मुलाला जोरात मार म्हणा आणि बघा, खांदे कानाला टेकतात, दात आवळलेले, श्वास बंद, आणि एवढं करून हात येतो हळूच. कारण हात सरळ करतो तो दंडाचा मागचा स्नायू, ट्रायसेप्स, आणि पुढचा बायसेप्सपण आवळून धरलात तर तो हात मागेच ओढणार, म्हणजे ब्रेक दाबून रेस करण्यातला प्रकार. म्हणून हात जाताना सैल, लागायच्या क्षणी मूठ, पोट, मांडी सगळं एकदम घट्ट, की लगेच परत सैल, याला किमे म्हणतात. माझं अर्धं आयुष्य "खांदा सोड रे" ओरडण्यात गेलंय.

मनाचंही तेच. 17व्या शतकात ताकुआन सोहो या झेन भिक्षूने याग्यू मुनेनोरीला, म्हणजे थेट शोगुनच्या (जपानच्या लष्करी शासकाच्या) तलवारबाजीच्या गुरूला कळवलं होतं की समोरच्याच्या तलवारीवर मन थांबलं की तू कापला गेलास, हजार हातांच्या कान्नोनचं, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेचं मन एका हातावर अडकलं तर बाकीचे 999 फुकट. 1922 मध्ये ओकिनावाहून टोकियोला कराटे दाखवायला गेलेले कराटेगुरू फुनाकोशीसुद्धा त्यांच्या 20 सूत्रांत मन मोकळं सोडायलाच सांगतात. कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी लढताना, पोरं समोरच्याच्या मुठीकडे टक लावतात आणि लाथ खातात, ती याच्यामुळेच.

अभ्यासाची गॅरंटी मात्र मी देत नाही, गणितातलं लक्ष गणिताला बसूनच येतं. पेपरच्या आधी लांब श्वास सोडून खांदे खाली आणायचे, एवढं इथलं तिथे चालतं. आणि एक रिक्वेस्ट, काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, चालू असताना दारातून हातवारे करू नका, पोराचं मन तिथेच अडकतं.