सात जूनचा पाऊस

8 जून, डोंबिवली

सकाळपासून ऊन आहे. आज मृग लागला. नातवाच्या शाळेसाठी छत्री घेण्याचे बोलणे चालले असताना मी सवयीने म्हणालो, "आमच्या लहानपणी सात जूनला पाऊस यायचा म्हणजे यायचाच." त्याने विचारले, "दर वर्षी, आजोबा?" मी 'हो' म्हणालो खरा, पण त्या 'हो'ने मला दिवसभर स्वस्थ बसू दिले नाही.

दुपारी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आई दुधाच्या हिशेबाची वही ठेवत असे. तारखेपुढे एक, दीड, कधी खाडा, आणि कडेला बारीक अक्षरांत 'पाहुणे', 'दूध नासले', 'पाऊस आला' असे शेरे. पाच वर्षांच्या वह्या हाती लागल्या. त्यांत मोसमातला पहिला 'पाऊस आला' सात जूनसमोर एकदाच आहे. एका वर्षी तो तीन तारखेला आहे, दोन वर्षी महिन्याच्या मध्यावर, आणि एका वर्षी एकवीस तारखेसमोर, पेन्सिलीने खाली दोन रेघा ओढलेला. त्या वर्षी आई पावसाची किती वाट पाहत असेल, असे मनात आले आणि मी थबकलो. रेघा वहीत आहेत. वाट पाहणे मी घातलेले आहे.

खरे आणि मानलेले एकाच वाक्यात किती बेमालूम मिसळलेले असते, याचा विचार तेव्हापासून चालू आहे. मृग सात-आठ जूनला लागतो, हे खरेच आहे, कारण नक्षत्र लागणे म्हणजे सूर्याने त्या नक्षत्रात प्रवेश करणे, आणि ते गणित वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच तारखेला जुळते. पाऊस मात्र वाऱ्यांवर अवलंबून असतो. मुंबईत मोसमी पाऊस 2023 मध्ये 25 जूनला पोहोचला आणि 2025 मध्ये 26 मे रोजीच आला. हवामान खात्याने सर्वसाधारण म्हणून धरलेली तारीख 11 जून आहे आणि तीही केवळ सरासरी आहे. तारखेचा पक्केपणा आम्ही पावसाला बहाल केला, आणि ज्या वर्षी तो जमून आला ते वर्ष तेवढे लक्षात ठेवले.

मात्र डोळ्यांनी पाहिलेले तरी नि:शंक खरे असते का? 26 जुलै 2005 ला मी फोर्टमधल्या कार्यालयात होतो. पाऊस होता, पण आम्ही छत्र्या घेऊन चहाला खाली उतरलो, इतपतच. लोकल बंद पडल्यामुळे रात्र टेबलांवर काढावी लागली, तेव्हा आम्हा सर्वांचे एकमत झाले की पाऊस काही फार नाही, गटारे तुंबल्यामुळे हे सारे झाले आहे. ताई सांताक्रूझजवळ कलिन्याला राहत होती. तिच्या घरात छातीपर्यंत पाणी चढले होते आणि तिने दोन्ही मुलांना पोटमाळ्यावर बसवून रात्र काढली. फोन लागल्यावर ती म्हणाली, "असा पाऊस मी जन्मात पाहिला नाही रे." मी तिला म्हणालो, "ताई, मी मुंबईतच होतो. एवढा नव्हता."

पुढे वर्तमानपत्रात आकडे आले. चोवीस तासांत सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर, फोर्टजवळच्या कुलाब्याला सुमारे 73. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. ताईच्या अंगणातल्या प्रत्येक चौरस मीटरवर, तिच्याकडेही सांताक्रूझइतकाच पडला असे धरल्यास, नऊशेहून अधिक लिटर पाणी आकाशातून आले होते. मी पाहिलेला पाऊस खोटा नव्हता. 'मुंबईत एवढा नव्हता' हे वाक्य चुकीचे होते, कारण मी पाहिली होती फक्त फोर्टची एक गल्ली. गटारांविषयीचे मत तर आम्ही पाहिलेलेही नव्हते. ते अडकून पडल्याच्या रागातून आले होते आणि त्याला आम्ही कारण म्हणत होतो. गटारे तुंबली नव्हती असे नाही, पण पाऊस थोडा होता हे त्यातून कसे निघाले?

ताईला आजही रात्री जोराचा पाऊस लागला की झोप येत नाही. हे कुठल्याही पर्जन्यमापकात मोजता येणार नाही, आणि त्यावर वाद घालण्याचा अधिकार मला नाही. मी वाद घातला तो पावसावर, आणि दुखावले मात्र तिच्या त्या रात्रीला. एवढी वर्षे मी तिच्याकडे हे कबूल केले नव्हते.

संध्याकाळी फोन केला. बरेच बोललो. शेवटी विचारले, "तुझ्याकडे पाऊस आहे का?" ती म्हणाली, "आत्ताच एक सर येऊन गेली."

नातवाला बोलावून आईच्या वह्या दाखवल्या आणि सकाळचे उत्तर मागे घेतले. मग एका कोऱ्या वहीत आजची नोंद केली: 'कलिना – एक सर, ताईने सांगितले. येथे संध्याकाळी सातपर्यंत नाही.'